एलीयाला एकांतात देव भेटला, मग पुढचं का गाळता?

निवडुंग:
काल इथेच एकानं बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याबद्दल (१ राजे, अध्याय १९) लिहिलं, 'होरेब डोंगरावर देव वाऱ्यात, भूकंपात, अग्नीत नव्हता, शांततेत भेटला. म्हणून माणसं सोडा, एकांत धरा.' चिडून लिहितोय. ईजबेल राणीच्या धाकानं पळालेला, बैर-शेब्यात चाकराला सोडून रानात शिरलेला, झुडपाखाली मरण मागणारा माणूस आहे हा! दूत त्याला दोनदा उठवून निखाऱ्यावरची भाकर खायला लावतो. 'मी एकटाच उरलोय' म्हणतो, पण राजाच्या कारभाऱ्यानं, ओबद्यानं, १०० संदेष्टे गुहांत लपवलेत हे त्याला ठाऊक होतं. देव सांगतो, परत जा, बआल या परक्या देवापुढे गुडघे न टेकलेले ७,००० आहेत.

कातळ:
आणि यिर्मया संदेष्टा? 'तुझ्या हातामुळे मी एकटा बसलो' हे तो देवालाच सांगतो. त्याला लग्नही करू दिलं नाही. माझी बायको गेली तेव्हा भेटायला येणाऱ्यांच्या गराड्यात मला प्रार्थना सुचेना. सगळे गेल्यावर सुचली. ते खोटं होतं असं कुणी सांगू नये.

निवडुंग:
तुमच्या दुःखावर बोलायचा मला अधिकार नाही. पण यिर्मया तिथे तक्रार करतोय. हौदाच्या चिखलात रुतला तेव्हा राजवाड्यातल्या एबद-मलेख या सेवकानं दोराबरोबर जुन्या चिंध्या सोडल्या, काखेत काचू नये म्हणून. देवाची सोबत माणसाच्या हातानं आली.

अष्टागरकर:
आम्हा बेने इस्रायलींचा, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचा, एलियाहू हन्नाबी (हाच एलीया) तुम्ही रानातच बसवून ठेवलात. आमच्याकडे तो मलिद्याला येतो: गोड पोहे, ओलं खोबरं, फळं आणि सगळ्यांनी मिळून गाणं. खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण दाखवतात.

मोडीवाचक:
घाटातलं खंडाळा?

अष्टागरकर:
अलिबागजवळचं! दर वेळी हेच सांगावं लागतं.

मोडीवाचक:
मलिदा दर्ग्यातही असतो. तिथूनच घेतला असणार.

अष्टागरकर:
घेतला असेल शेजाऱ्यांकडून, बरं. म्हणून तो आमचा नाही? नवस फेडायला, लग्नकार्याला मलिदा लागतो. आजीच्या ताटावर असले शेरे मी ऐकून घेणार नाही.

कातळ:
मलिद्याला एकटं कुणी बसत नाही, मान्य. पण झग्यानं तोंड झाकून एलीया गुहेच्या तोंडाशी उभा राहिला तेव्हा सोबत कुणी नव्हतं. तेवढं मी सोडणार नाही.

निवडुंग:
नका सोडू. फक्त उतारा १२ व्या वचनावर तोडू नका, १८ व्यापर्यंत द्या.