मदत हवी आहे: सोलापुरात 'अनहीटेड' स्टार नीलम मिळतोय, घेऊ का?

नमस्कार मंडळी,

खड्यांच्या बाबतीत मी कच्चा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या आत्याच्या बोटात राखाडी-निळ्या खड्याची अंगठी असायची. उन्हात हात धरला की खड्यावर सहा पायांची चांदणी उमटायची, हात हलवला की ती सरकायची. आत्या गेल्यावर अंगठी माझ्याकडे आली. माप वाढवायला सोनाराकडे दिली, तर त्याने खडा काढून पालथा केला आणि न बोलता भिंग माझ्या हातात दिलं. गुळगुळीत सपाट बूड आणि त्यावर बारीक कोरलेलं इंग्रजी 'एल'. म्हणजे 'लिंडे'चा खडा. या अमेरिकन कंपनीने १९४७ मध्ये कृत्रिम स्टार नीलम बाजारात आणले. आत्याला हे कधी कळलंच नाही, बरंच झालं.

तेव्हापासून डोक्यात बसलंय की एक खरा घ्यायचा. शनी वगैरे कारण नाही. (आईचं मात्र ठाम मत: नीलम घरात आणायचा तर आधी तीन रात्री उशीखाली ठेव, मगच बोटात घाल.)

मंगळवार पेठेतल्या एका दुकानात एक खडा दाखवला. सिलोनी, राखाडी-निळा, सात रत्ती. रत्तीला बारा हजार, म्हणजे ८४ हजार. सोबत एटीएम कार्डाएवढं सर्टिफिकेट, त्यावर 'नॅचरल स्टार सफायर' एवढंच. ट्रीटमेंटबद्दल, म्हणजे रंग सुधारायला खडा तापवलाय का वगैरे, अक्षर नाही. विचारलं तर दुकानदार म्हणाले, "दादा, तारा दिसतोय म्हणजे तापवलेला नाही. लिहून घ्या माझ्याकडून."

हे खरं आहे का? कार्ड पुरेसं आहे का? आणि दुकानात उभ्या उभ्या मला काय तपासता येईल?

– कडकभाकरी

प्रतिसाद १, खडेघासू

दुकानदार अर्धं खरं बोलतोय, आणि खड्यांच्या धंद्यात अर्धं खरंच महाग पडतं.

नीलमाच्या आत रुटाइल नावाच्या टायटॅनियमच्या खनिजाच्या केसाहून बारीक सुया असतात. आम्ही त्यांना 'सिल्क' म्हणतो. त्या तीन दिशांना, एकमेकींशी ६० अंशांत रचलेल्या असतात. खडा बरोबर दिशेने घुमटासारखा घासला की प्रकाशाच्या तीन रेघा एकमेकींना छेदतात, तोच सहा पायांचा तारा. खडा १६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवला की या सुया विरघळतात आणि तारा जातो. इथपर्यंत त्याचं बरोबर.

पण त्याहून कमी तापमानाला बराच वेळ ठेवला तर विरघळलेलं टायटॅनियम पुन्हा सुया होऊन बाहेर येतं. लिंडेने तारा काढला तो असाच. शिवाय नैसर्गिक खड्याच्या पृष्ठभागात बाहेरून टायटॅनियम मुरवूनही तारा आणतात. तो कागदाएवढ्या थरात असतो, पुन्हा पॉलिश केला की पुसला जातो. हलक्या आचेवर नुसता रंग सुधारला असेल तर सुया जागच्या जागी राहतात. म्हणून तारा हा न तापवल्याचा पुरावा नाही.

कार्डावरच्या 'नॅचरल'चा अर्थ एवढाच की दगड जमिनीतून निघालाय. तापवलेला, भेगांत काच भरलेला, सगळेच नॅचरल. तुम्हाला हवं ते वाक्य 'नो इंडिकेशन्स ऑफ हीटिंग' (तापवल्याच्या खुणा नाहीत), आणि ते पूर्ण रिपोर्टवर हवं. जयपूरला जेम अँड ज्वेलरी एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिलने १९७२ साली सुरू केलेली प्रयोगशाळा आहे, तिथे पाठवता येईल. ८४ हजारांच्या खड्याला तो खर्च करावाच.

दुकानात बघायचं ते असं. वर दहा-बारा एलईडी असतात, त्यांच्याखाली धड काही कळत नाही. खडा घेऊन दारात उन्हात या. सोलापुरात उन्हाला काय तोटा! नाहीतर मोबाइलचा टॉर्च, एकच. तारा सरकला पाहिजे. पाय थोडे वाकडे, एखादा आखूड, मध्य जरा बाजूला, हे चांगलं लक्षण. कंपासने काढल्यासारखा रेखीव तारा आणि सपाट चकचकीत बूड दिसलं की सावध व्हा. खऱ्या खड्याचं बूड बहुधा ओबडधोबड ठेवतात आणि त्यात कधीकधी रंगाचे षटकोनी पट्टे दिसतात. भिंगाखाली गोल बुडबुडे किंवा वळणदार रेघा दिसल्या तर सरळ परत करा.

आणि दर कॅरेटमध्ये मागा. बाजारात रत्ती एक नाही. खड्यांची पक्की रत्ती साधारण ०.९१ कॅरेट धरतात. म्हणजे तुमची सात रत्ती ६.३७ कॅरेट झाली आणि दर कॅरेटला तेरा हजारांच्या वर गेला. मापं कळवा.

प्रतिसाद २, पार्कचौक

माझा अनुभव सांगतो. मी काळा स्टार नीलम घेतला होता, थायलंडमधल्या चांथाबुरीचा. विकणाऱ्याने 'अनहीटेड, अनहीटेड' म्हणत भाव चढवला. नंतर कळलं, काळे स्टार तसेही स्वस्त असतात आणि बहुतेक न तापवलेलेच असतात. त्या शब्दाचे जादा पैसे गेले ते गेले. निळ्यात हा शब्द भाव खातो हे मान्य, पण रंग बरा आणि तारा ठळक असेल तरच. फिक्या राखाडी खड्याला निव्वळ अनहीटेड म्हणून इतके देऊ नका.

प्रतिसाद ३, कडकभाकरी

दोघांचेही आभार. आज दुपारी पुन्हा जाऊन आलो.

उन्हात नेला. तारा सरकतो, एक पाय अर्ध्यातच विरतो. बूड खडबडीत, एका कडेला तिरपे निळे पट्टे. बघून खरंच जीव हरखला. मापं: १० बाय ८.५ मिमी, उंची ७ मिमी. वजन काट्यावर ६.३६ कॅरेट भरलं.

'लिहून घ्या' म्हणाले होते, म्हणून बिलावर 'अनहीटेड, रिपोर्ट वेगळा आल्यास पूर्ण पैसे परत' असं लिहून मागितलं. त्यावर चहा आला, वाक्य काही आलं नाही.

प्रतिसाद ४, खडेघासू

लक्षणं खऱ्या खड्याची आहेत. तापवलाय की नाही हे त्यावरून कळणार नाही. पण उंची बघा. साडेआठ रुंदीला सात उंची म्हणजे कमरेखाली (खडा सगळ्यात रुंद असतो त्या रेषेखाली) दगड लोंबतोय. तो भाग अंगठीच्या कोंदणात जाणार, ताऱ्याला त्याचा उपयोग नाही आणि पैसे मात्र त्याचेही कॅरेटच्या भावाने. दर पाडायला हाच मुद्दा धरा. खाली किती वजन लपलंय ते बोट ठेवून दाखवा, समोरचा समजतो.

प्रतिसाद ५, कडकभाकरी

बोट ठेवलं. ६८ हजारांवर आले. ठरलं असं: दहा हजार इसार, खडा त्यांनीच जयपूरला पाठवायचा, रिपोर्टची फी माझी, आणि हीटिंग निघालं तर इसार परत. हे मात्र त्यांनी पावतीवर लिहून दिलं, सहीशिक्क्यासकट. परवा खडा रवाना झाला.

आई विचारतेय, तीन रात्री जयपूरवाल्यांच्या उशीखाली धरल्या तर चालतील का.