द्राक्ष निर्यात: कामगिरी मोजायची कशावरून?

दिंडोरीकर: नमस्कार मंडळी. आमची द्राक्ष बागायतदारांची कंपनी आहे. माल नेदरलँड्सला, थोडा दुबईला, उरलेला गाड्यांनी बांगलादेशला. वार्षिक सभेत एकच आकडा वाचला जातो: यंदा इतके कंटेनर गेले. यंदा कंटेनर वाढले, पण सभासदांच्या हातात किलोमागे कमी पडलं. खरं मोजमाप कशावरून करायचं?

पॅकहाऊसवाला: भाऊ, शिपिंग बिलावरची एफओबी किंमत (माल जहाजावर चढेपर्यंतची, पुढचं भाडं-विमा सोडून) बघून खूश होऊ नका. माल कन्साइनमेंटवर, म्हणजे आधी दर न ठरवता तिकडे विकेल त्या भावाने, गेला असेल तर तो नुसता अंदाज. रॉटरडॅमला पेटी उघडली, दांडी तपकिरी पडलेली, तळाला मणी गळालेले, की नुकसानीचा क्लेम आलाच. मग तिकडची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, येते, कोल्ड स्टोरेज, रिपॅकिंग, कमिशन कापून. खरा आकडा बँकेच्या वसुली दाखल्यावर, म्हणजे ईबीआरसीवर. 2010 आठवतं ना? क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून युरोपात माल अडकला होता. रवानगी कागदावर होतीच, पैसे कुठे होते?

मी कंटेनरमागे एक ओळ ठेवतो: बिल किती, बँकेत आले किती, फरक, फरकाचं कारण, प्लॉट नंबर, पॅकिंगची तारीख. दोन हंगाम भरून बघा. फरकाच्या रकान्यात तेच तेच प्लॉट दिसायला लागतात. (ही यादी सभेत वाचायची हिंमत मात्र संचालकांनी दाखवावी.)

आणि बांगलादेश नि युरोपची सरासरी एकत्र काढू नका. दोन्हीकडचा दर वेगळा, खर्च वेगळा, मालही वेगळा.

सीए नाशिक: रुपयातली वाढ फसवी असते. 2013-14 ला डॉलर 60 च्या घरात होता, 2023-24 ला 83 च्या. म्हणजे डॉलरमधली विक्री जागच्या जागी राहिली तरी रुपयात तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढ दिसते. युरो तेवढ्याच काळात साधारण 80 वरून 90 वर गेला. तेव्हा ज्या चलनात बिल, त्याच चलनात किलोमागे दर मांडा.

दिंडोरीकर: पटलं. पण 2024 च्या हंगामाचं काय? लाल समुद्र सोडून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, भाडं वाढलं, माल उशिरा पोचला. त्यात आमचा काय दोष?

पॅकहाऊसवाला: म्हणून त्या हंगामाची तुलना स्वतःच्या मागच्या वर्षाशी करू नका, बाकीच्यांशी करा. वळसा सगळ्यांनाच पडला. अपेडाच्या (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) साइटवर देशवार टनेज आणि मूल्य मिळतं. भागाकार केला की देशाचा किलोमागे सरासरी दर निघतो. तुमचा एफओबी दर त्याच्याशेजारी ठेवा.

सीए नाशिक: आणखी एक रकाना घाला. गेल्या हंगामातल्या खरेदीदारांपैकी किती जण डिसेंबरात स्वतःहून पुढचा प्रोग्रॅम, म्हणजे माल किती नि कधी मिळेल ते, विचारतात?

दिंडोरीकर: आमच्याकडे सध्या एकच. बाकीच्यांना आम्हीच फोन करतो.