मदत हवी आहे: टेसच्या (TACE, कॅथेटरने गाठीत केमो सोडून तिची धमनी बंद करणं) आधी लेनव्हॅटिनिब (नव्या रक्तवाहिन्या रोखणारी कर्करोगाची गोळी) किती दिवस थांबवता?

वडोदऱ्यातल्या ऑन्कोलॉजी-रेडिओलॉजीच्या मंडळींना विचारायचंय. दांडिया बाजारकडचे रुग्ण, यकृताचा कर्करोग, शस्त्रक्रिया शक्य नाही, चाइल्ड-प्यू ए (यकृताचं काम अजून चांगलं). वजन ६० किलोच्या आत, म्हणून लेनव्हॅटिनिब रोज ८ मिग्रॅ (६० किंवा जास्त असतं तर १२). आता टेस ठरलंय.

धमनी बंद केली की गाठीचा ऑक्सिजन तुटतो, व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन) वाढतं, नव्या रक्तवाहिन्या फुटतात. म्हणून जोडीला गोळी, हे पटतं. पण तीच गोळी चालू असताना जांघेतून कॅथेटर घातला तर रक्तस्रावाची धास्ती. तुम्ही आधी किती दिवस थांबवता?

आणि पुन्हा सुरू कधी? टेसनंतर ताप, पोटदुखी, एसजीपीटी (यकृताचं एन्झाइम) वाढणं नेहमीचंच, पण बिलिरुबिन चढलं तर दोष गोळीचा की टेसचा, कसं ठरवता? बीपी, लघवीतलं प्रोटीन किती दिवसांनी पाहता? कृपया लवकर सांगा.