थंड पाणी दाताले झोंबते, पेस्ट कोणती घ्यावी? (गावच्या ग्रुपवरची चर्चा)

*काकाजी:* मेडिकलवाले भाऊ, माठातलं पाणी पिलं की दात झिणझिणते. दाढा घासून पार चपट्या झाल्या. टीव्हीवर तर रोज नवी पेस्ट दाखवते. कोणती घ्यावं?

*मेडिकलवाले भाऊ:* काकाजी, समोरचं नाव सोडा, खोक्याची मागची बाजू वाचा. बारीक अक्षरात घटक असतात. त्यात पोटॅशियम नायट्रेट ५ टक्के दिसलं तर ती झिणझिण्यांची पेस्ट. त्याच्यासोबत बहुतेक सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट ०.७ टक्क्यांच्या आसपास असते, ते फ्लोराईड. दुसऱ्या जातीत स्टॅनस फ्लोराईड ०.४५४ टक्के, तिसरीत आर्जिनिन ८ टक्के, चौथीत कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट ५ टक्के. या चारपैकी एकही नाव नसेल आणि समोर नुसतं मोठ्या अक्षरात ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलं असेल, तर ठेवून द्या.

*गुरुजी:* चौघांत फरक काय?

*दंतवैद्य ताई:* गुरुजी, दाताच्या वरच्या कडक थराखाली डेंटिन असतं. त्यात केसापेक्षाही बारीक नळ्या असतात आणि त्या थेट आतल्या नसेच्या दिशेनं जातात. वरचा थर झिजला किंवा हिरडी खाली सरकली की नळ्यांची तोंडं उघडी पडतात. थंड पाणी लागलं की नळीतला द्रव हलतो आणि नस ठणकते. पोटॅशियम नायट्रेट नसेला शांत करतं, नळी बंद करत नाही. बाकीची तिन्ही नळीच्या तोंडाला बूच बसवतात. म्हणून थोड्या झिणझिण्यांना पोटॅशियमवाली पुरते. दात झिजून डेंटिन उघडं पडलं असेल तर मी बूच बसवणारी सांगते. स्टॅनसवाल्या पेस्टनं काहींच्या दातांवर फिकट तपकिरी थर धरतो. तो दाताचा रंग नाही, साफ करून घेतला की निघतो.

*मेडिकलवाले भाऊ:* अन् लोकं चार दिवस लावते, फरक नाही म्हणते, पेस्टची नळी परत घेऊन येते. पोटॅशियमवालीले दोन ते चार हप्ते लागते, तेही रोज दोनदा. मधात खाडा झाला की परत पहिल्यापासून.

*दंतवैद्य ताई:* बरोबर. चार आठवडे नीट लावूनही फरक नसेल तर पुढची नळी घेऊ नका, दात दाखवा. एक खूण लक्षात ठेवा. थंड लागलं आणि काढल्यावर लगेच थांबलं, तर पेस्टनं भागण्यासारखं आहे. गरम चहानं ठणकलं आणि कप खाली ठेवल्यावरही अर्धा मिनिट, मिनिटभर ठणकत राहिलं, रात्री झोपेतून उठवलं, किंवा एकच दात चावताना टोचला, तर बहुतेक दात किडला किंवा तडकला असतो. तिथं पेस्ट लावत बसणं म्हणजे नस मरायची वाट पाहणं.

*आशाताई:* ताई, गावात बऱ्याच बाया लाल मंजन वापरतात. म्हातारे राख घेतात, मीठ-कोळसाही घासतात. ते सोडा म्हटलं की म्हणतात, दात तर चकचकीत होते.

*दंतवैद्य ताई:* चकचकीत होतात ते घासून. लाल मंजनाला लाल रंग गेरूचा असतो आणि गेरू म्हणजे खरखरीत माती. राखेतले कण तर डोळ्यालाही दिसतात. पितळेचं भांडं राखेनं घासलं तर त्याचा फक्त वरचा मळ जातो, दातावरून मळासोबत दातही जातो. वरचा थर एकदा गेला की शरीर तो परत तयार करत नाही. कोळशाच्या काळ्या पेस्टा आणि ‘दात पांढरे करणाऱ्या’ पेस्टाही झिजलेल्या दातांना नकोत. पेस्टचा खरखरीतपणा मोजायचं माप असतं, त्याला आरडीए म्हणतात. २५० ही वरची मर्यादा. झिजलेल्या दातांना ७० च्या आतली बरी. अडचण अशी की हा आकडा आपल्याकडच्या खोक्यांवर सहसा छापत नाहीत. म्हणून ‘व्हाइटनिंग’ लिहिलेली टाळायची आणि बोटावर घेऊन दोन बोटांत चोळून पाहायची. वाळूसारखी लागली तर नको.

*मेडिकलवाले भाऊ:* नळीच्या शेपटीवरचा हिरवा-काळा चौकोनही लोकं दाखवते, हिरवा म्हणजे आयुर्वेदिक म्हणून. तसं काही नसते. कारखान्यातल्या मशीनले नळी कुठं कापायची ते समजावं म्हणून ती खूण असते.

*आशाताई:* आणि गुडाखू, मशेरी?

*दंतवैद्य ताई:* त्यात तंबाखू असतो. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे. मशेरीनं तेवढ्यापुरती हिरडी बधिर होते म्हणून आराम वाटतो, आतलं दुखणं चालूच राहतं. खर्ऱ्याचं, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचं, तर आणखी वाईट. कडक सुपारी तासन् तास दाढेखाली राहते, त्यानं दाढेची टोकं घासून सपाट होतात. काकाजी, तुमच्या चपट्या दाढांचं कारण बहुतेक तेच असेल. खर्रा चालू ठेवून महागाची पेस्ट लावली तर बूच बसवायचं आणि दुपारी परत काढायचं असं होईल. आणखी एक, खर्रा खाणाऱ्याला पेस्टनं किंवा तिखटानं गालाची आग होत असेल, तोंडात उभी तीन बोटं जात नसतील, तर ते दाताचं नाही. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेचं दंत रुग्णालय, जे जवळ पडेल तिथं लवकर दाखवा.

*काकाजी:* समजलं जी. मंग घासायचं कसं? कडक ब्रश घेऊ का, मळ चांगला निघते?

*दंतवैद्य ताई:* कडक मुळीच नको. खोक्यावर ‘सॉफ्ट’ लिहिलेला घ्या. आरशासमोर ओठ वर करून पाहा. हिरडीला लागून, दाताच्या मुळाशी नख फिरवलं तर काहींना खाच लागते, कुऱ्हाडीचा घाव खोडावर पडतो तशी. उजव्या हातानं घासणाऱ्याला ती डाव्या बाजूला, सुळ्याच्या आणि त्यामागच्या दाढांच्या मुळाशी जास्त खोल असते, कारण तिथं हाताचा जोर बसतो. ही खाच आडव्या रगड्यानं पडते. ब्रश हिरडीकडे तिरपा, साधारण ४५ अंशांवर धरायचा, जागच्या जागी हलकं थरथरवायचा आणि मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झाडल्यासारखा ओढायचा. पेन धरतो तसा तीन बोटांत धरला की जोर आपोआप कमी होतो. दोन मिनिटं पुरेत. ब्रश तोंडात घेऊन अर्धा तास अंगणात फिरण्याची सवय सोडा. खाच खोल असेल तर ती भरून घ्यावी लागते, पेस्टनं भरत नाही.

*मेडिकलवाले भाऊ:* पेस्ट ब्रशभर नको, वाटाण्याएवढी. तशी वापरली तर ७० ग्रॅमची नळी एका माणसाले दोन महिन्यांच्या वर पुरते.

*दंतवैद्य ताई:* आणि घासल्यावर थुंकायचं, खळखळून चुळा भरायच्या नाहीत. चार चुळा भरल्या की औषध मोरीत गेलं. रात्रीचं घासणं महत्त्वाचं, झोपेत लाळ कमी असते आणि औषध दाताशी राहतं. जिथं जास्त झोंबतं तिथं झोपताना बोटानं थोडी पेस्ट लावून ठेवा.

*गुरुजी:* संत्री, अंबाडी, चिंच यांनीही दात आंबतात ना?

*दंतवैद्य ताई:* हो. आंबटानं दाताचा वरचा थर काही वेळ मऊ पडतो. त्याच वेळी ब्रश फिरवला तर तो निघून जातो. संत्री, पन्हं, कोल्ड्रिंक झालं की आधी साध्या पाण्यानं चूळ भरायची, घासायचं अर्ध्या तासानंतर. पित्त उलटून आंबट पाणी तोंडात येणाऱ्यांनाही तेच. आतल्या बाजूनं वरचे पुढचे दात पातळ झाले असतील तर दाताआधी पित्ताचा उपचार करा.

*आशाताई:* बोअरच्या पाण्यानं पोरांचे दात पिवळे-तपकिरी पडले आहेत. त्यांनाही हीच पेस्ट द्यायची का?

*दंतवैद्य ताई:* नको. चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराईड जास्त आहे, तो डाग आतून असतो आणि घासून जात नाही. आधी पाणी तपासून घ्या. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. मोठी माणसं पेस्ट थुंकून टाकतात, त्यांना पेस्टच्या फ्लोराईडची भीती नाही. आपल्याकडे साध्या पेस्टमध्ये ते १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) वर ठेवता येत नाही आणि आकडा नळीवर छापावा लागतो. लहान लेकरं मात्र गिळतात आणि त्यांचे पक्के दात हिरडीत तयार होत असतात. अशा गावात त्यांच्या पेस्टचं दंतवैद्याला विचारूनच ठरवा, दिलीच तर तांदळाच्या दाण्याएवढी, आणि मोठ्यानं जवळ उभं राहून थुंकायला लावायचं. झिणझिण्यांची पेस्ट बारा वर्षांखालच्या पोरांना आपल्या मनानं द्यायची नाही.

*काकाजी:* एक राहिलं. घरी काकूची वरची कवळी हाये. तिले हीच पेस्ट चालते का?

*दंतवैद्य ताई:* नाही काकाजी. पेस्टनं कवळीच्या प्लास्टिकवर बारीक ओरखडे पडतात आणि त्यात घाण बसते. अंगाचा साबण आणि मऊ ब्रश घ्यायचा, खाली पाण्याची बादली किंवा ओला टॉवेल ठेवायचा, म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची. उकळत्या पाण्यात टाकली तर तिचा आकार बिघडतो, मग ती बसत नाही.