‘अशी ही बनवाबनवी’ अभ्यासायचा तर सुरुवात कुठून?

नदीकाठ : भाड्याचं घर मिळावं म्हणून चार मित्रांपैकी दोघे बायका बनतात तो ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) दाखवून नंतर तासभर संस्कृती-अभ्यासाच्या अंगाने चर्चा घ्यायची आहे. संवाद सगळ्यांना पाठ, त्यामुळे पडद्याकडे बघतंच कोण! आणि बोलणं दोन वाक्यांत आटोपतं : ‘पुरुषाला साडी नेसवून बायकांची टिंगल’ किंवा ‘जाऊ दे ना, विनोदी आहे’. पुढे कसं न्यावं?

वाडेकर : साडी राहू दे, आधी घर बघा. मूळ हिंदी सिनेमाच्या (१९६६) नावातच ‘मकान’ आहे : ‘बीवी और मकान’. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली, त्यात पुणंही आलं. १९७३च्या दुरुस्तीने तर १ फेब्रुवारी १९७३ला लीव्ह-लायसन्सवर, म्हणजे नुसत्या राहायच्या परवानगीवर, राहणारेही भाडेकरू ठरले. मालकांनी धसका घेतला. नवा कायदा लागू झाला थेट ३१ मार्च २०००ला, म्हणजे सिनेमा बरोबर मधल्या काळातला. आता सरपोतदारांचे सत्तर रुपये ‘वारतात’ तो प्रसंग लावा आणि विचारा, मालकाचे पैसे बुडाल्यावर आपल्याला इतकं बरं का वाटतं?

उंबरठा : हरकत आहे. कायद्याचीच भीती असती तर दुसऱ्या घराच्या मालकीण लीलाबाई काळभोरांनी जोडपी मुळीच ठेवली नसती. भाडेकरू वारला की सोबत राहणाऱ्या घरच्यांकडे भाडेहक्क जायचा. त्यापेक्षा सडाफटिंग परवडला. तरी अट लग्न झालेल्यांचीच. हा प्रश्न अब्रूचा आहे, भाड्याचा नाही.

वाडेकर : मान्य. सरपोतदारांना कायदा लावा, लीलाबाईंना अब्रू.

काना-मात्रा : ‘हा माझा बायको’ इथे सिनेमा थांबवा. साडीतल्या मित्राची ओळख करून देताना धनंजयची जीभ घसरते ती नेमकी लिंगावर. मराठीत वेशांतर करणाऱ्याला पदराइतकंच क्रियापद सांभाळावं लागतं : ‘मी जाते’, ‘मी गेले’. ‘मी चहा केला’मध्ये सुटका, कारण क्रियापद चहाच्या मागे जातं, ‘मी येईन’मध्येही सुटका. (कोल्हापूरकडच्या मुली ‘मी आलो’ म्हणतात, तो वेगळाच गमतीचा विषय.) तेलुगू-कन्नडमध्येही हा सिनेमा गेला, पण तिथे ‘मी’च्या क्रियापदात स्त्री-पुरुष भेद नाही, ही घसरगुंडीच नाही.

कागदावर तीन रकाने आखा : वेळ, वाक्य, कोण ऐकतंय. फक्त पार्वती (साडीतला परशा) आणि सुधा (साडीतला सुधीर) यांची ‘मी’ची वाक्यं टिपा. सगळे संवाद उतरवायला गेलात तर दहा मिनिटांत लोक कागद खाली ठेवतील.

नदीकाठ : हे जमेल. आणि टिंगलीच्या मुद्द्याचं काय करू?

उंबरठा : आवाज बंद करून दोघांचं चालणं-बसणं बघा. फार गाजलेला प्रसंग नको, लोक तोंडाने संवाद म्हणायला लागतात आणि सगळं मुसळ केरात. सचिनची सुधा दिसायला पटावी अशी घडवलेली आहे. ती संगीत नाटकातल्या स्त्रीपार्टीची, म्हणजे बाईची भूमिका करणाऱ्या नटाची, ज्या परंपरेत बालगंधर्वांची राहणी बायका उचलत. लक्ष्मीकांतची पार्वती मात्र तमाशातल्या गवळणीत पुरुष करतो त्या मावशीच्या घराण्यातली, पुरुष आहे हे दिसत राहिलं तरच हसू येतं. लिहिणारे वसंत सबनीस, ‘विच्छा माझी पुरी करा’वाले, तमाशाची नस त्यांना ठाऊक होती. दोन्हींना ‘साडीतला पुरुष’ म्हणून एकाच पोत्यात भरलं की चर्चा तिथेच अडकते.

मग ‘कुणीतरी येणार येणार गं’ लावा, या वेळी आवाजासकट. डोहाळजेवण हा बायकांचा कार्यक्रम, आणि पाटावर परशा. प्रत्येकाने एकच चेहरा वाटून घ्यायचा आणि शेवटपर्यंत तोच बघायचा. परशाकडे बघायला सगळेच धावतील. आजूबाजूच्या बायकांचे चेहरे आधी वाटून टाका.