कानाच्या शस्त्रक्रियेआधीच्या सीटी स्कॅनवर किती भिस्त ठेवावी?

प्रश्न (कोथरूड, पुणे): नमस्कार. आईचा डावा कान बऱ्याच वर्षांपासून वाहतो आणि स्रावाला दुर्गंधी येते. डॉक्टरांनी दुर्बिणीतून तपासून कोलेस्टिएटोमाची (मध्यकर्णात त्वचेचे थर साचून वाढणाऱ्या व हाड झिजवणाऱ्या गाठीची) शंका व्यक्त केली व मास्टॉइडची, म्हणजे कानामागच्या हाडाची, शस्त्रक्रिया सुचवली. सीटीच्या रिपोर्टमध्ये मात्र 'मध्यकर्णात मऊ ऊतक, ऐरणीची (मध्यकर्णातल्या एका छोट्या हाडाची) झीज, चेहऱ्याच्या नसेची नलिका शाबूत' एवढेच आहे. कोलेस्टिएटोमाचे नावही नाही. म्हणजे तो आजार नाही, असे समजावे का?

उत्तर (कान-नाक-घसा शल्यचिकित्सक, पुणे): तसे समजू नये. साचलेला स्राव, सुजलेले अस्तर आणि कोलेस्टिएटोमा हे तिन्ही सीटीवर जवळपास एकाच करड्या छटेत दिसतात. शंका बळावते ती हाड झिजल्यामुळे, आणि आपल्या आईची ऐरण झिजलेली आहे. मध्यकर्णातल्या तीन हाडांपैकी हातोडी व ऐरण सीटीवर बऱ्यापैकी विश्वासार्ह दिसतात, पण तिसऱ्या, म्हणजे रिकिबीच्या, बारीक कमानींबाबत आम्ही रिपोर्टवर विसंबत नाही. 'नलिका शाबूत' हे शब्दही जपूनच वाचावेत. मध्यकर्णातून जाताना नसेवरचे हाड मुळातच इतके पातळ असते की ते नसतानाही असल्यासारखे किंवा असूनही नसल्यासारखे दिसू शकते. तरीही सीटीशिवाय मी या शस्त्रक्रियेला हात घालणार नाही, कारण मेंदूकडचे छत किती खाली उतरले आहे आणि मोठी शीर किती पुढे आली आहे, हे आधी कळलेले बरे.

उत्तर (रेडिओलॉजिस्ट): काप किती जाडीचे घेतले तेही पाहावे, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे हवेत. डिफ्युजन एमआरआयमध्ये (ऊतकातील पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणाऱ्या एमआरआयमध्ये), विशेषतः कानाजवळ प्रतिमा कमी विकृत करणाऱ्या नॉन-ईपीआय पद्धतीत, कोलेस्टिएटोमातील केराटिन, म्हणजे साचलेल्या मृत त्वचेचा पदार्थ, चमकते. मात्र दोन-तीन मिलिमीटरहून लहान गाठ, किंवा सक्शनने नुकताच रिकामा केलेला कप्पा, त्यातूनही निसटतो.

प्रश्नकर्ता: धन्यवाद. मग एमआरआयही करून घ्यावा का?

उत्तर (शल्यचिकित्सक): दुर्बिणीतून पांढरा केराटिनचा थर स्पष्ट दिसला असेल, तर पहिल्या शस्त्रक्रियेआधी सहसा गरज नसते. एमआरआयचा खरा उपयोग पुढे, शस्त्रक्रियेनंतर कानाच्या पडद्यामागे आजार उरला आहे का हे पाहण्यासाठी होतो. त्याऐवजी कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा दाबल्यावर आईला गरगरते का, हे डॉक्टरांना तपासायला सांगावे आणि गरगरत असेल, तर आतल्या कानातील तोलाच्या आडव्या नलिकेचे हाड झिजले असू शकते, म्हणून तिचे काप रेडिओलॉजिस्टकडून पुन्हा पाहून घ्यावेत.