रॅटाटाला स्पर्धात्मक लढतीत खरोखर जागा आहे का?

प्रश्न:
मी पोकेमॉन या व्हिडिओ गेमच्या चौथ्या पिढीच्या नियमांनुसार संघ बांधत आहे. रॅटाटा या उंदरासारख्या पोकेमॉनच्या मूळ गुणांची (ताकद, वेग वगैरेंची) बेरीज अवघी २५३ भरते आणि त्यात एचपी, म्हणजे जीवशक्ती, तर केवळ ३० आहे. तरीही काही अनुभवी खेळाडू लेव्हल १ चा रॅटाटा मुद्दाम बाळगतात. ही निव्वळ थट्टा आहे, की त्यामागे काही हिशेब आहे?

उत्तर १:
हिशेब आहे, आणि तो या दुबळेपणावरच उभा आहे. लेव्हल १ च्या रॅटाटाचा लढतीतला प्रत्यक्ष एचपी जेमतेम ११ असतो. त्याला फोकस सॅश ही वस्तू दिली की पूर्ण एचपीवर बसलेला कोणताही एकच जीवघेणा फटका तो १ एचपी राखून सोसतो. मग एन्डेव्हर (प्रतिस्पर्ध्याचा एचपी स्वतःच्या एचपीइतका खाली आणणारी चाल) वापरला की प्रतिस्पर्ध्याचा एचपीही १ वर येतो आणि पुढच्या फेरीत क्विक अटॅक ही चाल आधी लागून त्याचा निकाल लावते. मात्र असा रॅटाटा रानात पकडून मिळत नाही. चौथ्या पिढीपासून अंड्यातून लेव्हल १ चे पिल्लू निघते आणि दोन्ही पालकांना त्या चाली येत असल्या तरच त्या पिल्लाला जन्मतः मिळतात.

उत्तर २:
वरील वर्णन बरोबर आहे. परंतु प्रतिस्पर्धी आंधळेपणाने हल्ला करील हे त्यात गृहीत धरले आहे. त्याने पहिल्या फेरीत हल्ल्याऐवजी स्वतःचे बळ वाढवले, तर एन्डेव्हर त्याला ११ वर आणतो, १ वर नाही. घोस्ट प्रकारच्या पोकेमॉनवर दोन्ही चाली निष्फळ ठरतात, सँडस्टॉर्म (वाळूचे वादळ) १ एचपीच्या रॅटाटाला फेरीअखेर संपवतो आणि मैदानात येणाऱ्याला इजा करणारा स्टेल्थ रॉक पसरलेला असेल तर मैदानात येतानाच सॅश निरुपयोगी होतो. माझा एक डाव तर लेफ्टओव्हर्सने (दर फेरीअखेर थोडा एचपी भरून देणाऱ्या वस्तूने) घालवला: ३०० एचपीच्या पोकेमॉनला मी १ वर आणले, फेरीअखेर त्याला १८ परत मिळाले आणि माझ्या क्विक अटॅकने त्याला ओरखडाही उठला नाही म्हणा ना.

प्रश्नकर्ता:
मग त्याला वाढवून रॅटिकेट केलेले बरे का?

उत्तर २:
तो अगदी वेगळा विचार आहे. गट्स (अंगचा गुणधर्म), फ्लेम ऑर्ब (बाळगणाऱ्यालाच भाजणारी वस्तू) आणि फसाड (चाल) यांच्या जोडीने रॅटिकेट सणसणीत मारा करतो, कारण भाजल्यावर फसाडची ताकद ७० वरून १४० होते आणि गट्समुळे अटॅक दीडपट. पण हेच काम स्वेलो हा पक्षी पोकेमॉन अधिक वेगाने करतो. त्याचा मूळ वेग १२५, रॅटिकेटचा ९७. रॅटिकेटच्या बाजूने दोनच गोष्टी बोलतात: घोस्टला त्याची सकर पंच ही चाल लागू पडते आणि स्टेल्थ रॉक त्याला स्वेलोच्या निम्माच लागतो. तुमच्या संघात स्टेल्थ रॉक हटवणारा कोणी नसेल, तर मी रॅटिकेट घेईन. असेल, तर बिनदिक्कत स्वेलो. लेव्हल १ चा रॅटाटा मात्र हवामान बदलणारा संघ समोर नाही याची खात्री पटल्यावरच मैदानात उतरवा.